गारांची भांडारे

नाशिकमधल्या आमच्या मंडळीत उपासनेनंतर मी प्रौढांचा शास्त्राभ्यास घेतो. छापील पाठ्यक्रमात बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाला, निर्दोष असून सारं गमावलेल्या माणसाच्या गोष्टीला, दोन रविवार दिलेत: पहिले दोन अध्याय आणि शेवटचा. मधले ३९ कोणी वाचायचे, ते पाठ्यक्रम करणाऱ्यांनाच माहीत. मी ते वाचून घेतोच, आणि प्रत्येक भाषणाआधी फळ्यावर बोलणाऱ्याचं नाव लिहितो. कारण अलीफज, बिल्दद, सोफर हे ईयोबाचे मित्र, त्याचं दुःख म्हणजे त्याच्या पापाची शिक्षा असं सांगणारे, बोलतात फार छान! आरंभ लहान असला तरी शेवट थोर होईल, हे वचन लोक फ्रेम करून नव्या दुकानात लावतात. ते बिल्ददाचं आहे, आठव्या अध्यायातलं; दहा मुलं गमावलेल्या बापाला, म्हणजे ईयोबाला, तू सरळ असशील तर, अशी अट घालून ऐकवलेलं. ४२:७ मध्ये (अध्याय ४२, वचन ७) देव या मित्रांवर संतापतो. (अलीफजाचं एक वाक्य प्रेषित पौलानेही करिंथकरांना पत्र लिहिताना घेतलंय, म्हणून त्यांना सरसकट खोटं ठरवूनही भागत नाही.)

त्या रविवारी दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार काका मागे बसले होते. गारपीट नुकतीच होऊन गेलेली. पाणी उतरलेले, म्हणजे पिकू लागलेले, मणी तडकले, व्यापाऱ्याने सौदा मोडला, ऑक्टोबर छाटणीपासूनची औषधांची उधारी तशीच. आमच्या एका वडीलमंडळींनी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी एकांनी, बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकातलं ३:९-१० उघडलं: आपल्या धनाने परमेश्वराचा मान राख, म्हणजे तुझी कुंडं द्राक्षारसाने भरून वाहतील.

"दशमांश नियमित होता ना, काका?"

दशमांश म्हणजे देवाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा. वर्गात कोणी मान वर करेना. मी लूकच्या शुभवर्तमानाचा १३वा अध्याय काढला. शिलोहातला बुरूज पडून अठरा जण मेले, ते काय इतरांपेक्षा अपराधी होते? येशू नाही म्हणतो. नीतिसूत्रं साधारणपणे काय घडतं ते सांगतात; ती उलटी फिरवून, पीक गेलं म्हणजे दान चुकलं, असा हिशेब लावायचा तर मग अलीफजच व्हायचं.

काका पानं चाळत होते. "सर, ईयोबाचा अडतिसावा अध्याय वाचू?" त्यांनी वाचलं: गारांची भांडारे तू पाहिलीस काय? संकटसमयासाठी, युद्धाच्या दिवसासाठी मी ती राखून ठेवलीत.

"हे कोण बोलतंय?"

मी फळ्यावर लिहिलं, परमेश्वर.

"मग आमच्या शिवारात कुठलं युद्ध होतं, सर?"

मी म्हणालो, देव ईयोबालाही कारण सांगत नाही. पहिल्या अध्यायात वर, देव आणि सैतान यांच्यात, काय ठरलं, ते त्याला शेवटपर्यंत कळत नाही. तरी भांडणाऱ्या ईयोबाचंच बोलणं देव यथार्थ मानतो. हे खरंच आहे. पण तडकलेल्या मण्यांपुढे ते तोकडं पडलं, मलाही ऐकू आलं.

चहाच्या वेळी वडीलमंडळी म्हणाले, "असं शिकवलंत तर दशमांश कोण देईल?" ईयोब देवाचं भय काय फुकट बाळगतो, हा सवाल १:९ मध्ये सैतान करतो. तोंडावर आलं होतं, गिळलं. पुढच्या रविवारी पहिला अध्याय त्यांनाच वाचायला दिलाय.

परवा काकांचा फोन आला. खरड छाटणीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरच्या छाटणीच्या, मजुरीबद्दल बोलले, आणि चाळिसावा अध्याय झाला की राहिलाय, ते विचारलं.