डबा ५ का वाचला: हायड्राची जुलैची नोंद

हायड्रा म्हणजे गोड्या पाण्यातले काही मिलिमीटरचे प्राणी. ते माझ्या डब्यांत का मरताहेत, या प्रश्नाने एप्रिलपासून माझी झोप उडवली होती; त्याचं उत्तर गेल्या रविवारी पहाटे साडेपाचला आमच्याच स्वयंपाकघरात मिळालं. हायड्रा उन्हाने मरत नव्हते. क्लोरीननेही नाही आणि आर्टेमियाच्या (त्यांना खायला घालते त्या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जिवांच्या) मिठानेही नाही. कळल्यावर दोन मिनिटं ओट्याला टेकून नुसती उभी राहिले.

आधीच्या नोंदी वाचलेल्यांना आकडे ठाऊक आहेत, तरी थोडी उजळणी करते. फेब्रुवारीत नर्सरीतल्या कमळाच्या टबातून पानाच्या खालच्या बाजूला चिकटलेले ११ हायड्रा मिळाले. मार्चअखेर पाच डब्यांत मिळून १४० च्या वर होते. मे संपता संपता डबा १ ते ४ रिकामे झाले आणि डबा ५ मध्ये चार उरले.

मरण्याची तऱ्हा प्रत्येक वेळी तीच. आधी शुंडकांची (तोंडाभोवतीच्या लांब बोटांसारख्या अवयवांची) टोकं फुगतात, गदेसारखी. मग शुंडकं आखूड होत जातात आणि हायड्रा अन्नाला हातच लावत नाही. आर्टेमियाचं पिल्लू अंगावर आदळलं तरी ढिम्म. त्यानंतर ट्यूलिप अवस्था: शुंडकांच्या जागी नुसती टेंगळं, अंग आखडून मिटल्या फुलासारखं. इथपर्यंत गेलेला माझा एकही हायड्रा परत आलेला नाही. दुसऱ्या दिवशी तळाशी पांढुरकी धूळ. छळणारी गोष्ट ही की मध्येच दोन-तीन दिवस सगळे टवटवीत दिसायचे, मला हायसं वाटायचं आणि पुन्हा टोकं फुगायची.

पहिला संशय अर्थातच उन्हावर. हायड्राला अठरा-वीस अंश मानवतात आणि इथे पारा चाळिशीला टेकलेला. डबे ओल्या गोणपाटात ठेवले, रात्री खिडकीत हलवले. फरक नाही. मग क्लोरीन. मत्स्यालयाच्या दुकानातलं क्लोरीन मारायचं औषध आणलं, तर बाटलीवर आत काय आहे याचा एक शब्द नाही. असली बाटली मी पुन्हा घेणार नाही. साधे सोडियम थायोसल्फेटचे खडे आणा, स्वस्तही पडतात आणि आपण पाण्यात काय टाकतोय ते माहीत असतं. मग आर्टेमिया. पिल्लं मलमलीतून गाळून तीन-तीन पाण्यांत धुतली. पुढे चार दिवस उपाशी ठेवून पाहिलं. एक आठवडा तर केरोना या सिलिएटच्या (केसाळ एकपेशीय जिवाच्या) मागे गेला, कारण दोन हायड्रांच्या अंगावर ते पळताना दिसले होते. ते होतेही, पण एवढी मोठी कत्तल त्यांची नव्हती.

जूनमध्ये पाऊस आला, खोलीचं तापमान पंचविसावर उतरलं. डबा ५ आपापला वाढत होता, त्यातले सहा डबा २ मध्ये हलवले. नऊ दिवसांत सहाही गेले.

खरं तर डबा ५ हाच मोठा पुरावा डोळ्यांसमोर होता. तो हॉलमध्ये, पूर्वेच्या खिडकीत, फिश टँकला खेटून. मे महिन्यात सगळ्यात जास्त तापलेला डबा तोच, म्हणजे ऊन तिथेच बाद झालं होतं. त्यात पाणी घालताना मी टँकमधलंच घालायचे, कारण हात तिथे पोचतो. बाकी चार डब्यांचं पाणी बदलायला स्वयंपाकघरातली ‘शिळ्या पाण्याची’ बाटली. मी वाट चुकले ती इथे. टँकच्या पाण्यात असं काय जास्तीचं आहे, हे शोधत बसले. गोगलगायींचे शंख विरघळून कॅल्शियम मिळत असेल, हायड्राला कॅल्शियम लागतंच, म्हणून सदाशिव पेठेतून कॅल्शियम क्लोराइड आणलं. (तिथल्या काकांनी पन्नास ग्रॅम सुटं दिलं आणि डोळ्याला हात लावू नका म्हणून दोनदा बजावलं. अशी दुकानं टिकली पाहिजेत.) पण बाटलीतल्या पाण्यात काही जास्तीचं असेल, हे मनातच आलं नाही. दोन्हीकडे नळ एकच, खडकवासल्याचं पाणी एकच.

रविवारी पहाटे डबा ५ चे फोटो काढायला उठले, तर सासूबाई माझी बाटली भरत होत्या. तांब्याच्या हंड्यातून.

“आई, हे पाणी कुठलं?”

“अगं, तुला शिळं पाणी लागतं ना? हंड्यात रात्रभर भरलेलंच असतं. बाटली रिकामी दिसली की मी भरून ठेवते. तेवढीच तुझी धावपळ वाचते.”

त्या साताऱ्याहून, नणंदेकडून, परत आल्या एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. त्याच दिवसापासून हंडा चिंचेने लख्ख घासून रोज भरलेला. कधी बाटली मी भरायचे बादलीतून, कधी त्या. मधले टवटवीत दिवस माझ्या बाटलीचे होते.

तरी पडताळा घ्यायचा ठरवला. दोन वॉचग्लास (उथळ काचेच्या वाट्या), प्रत्येकात डबा ५ मधले चार-चार हायड्रा. एकात हंड्यातलं पाणी, दुसऱ्यात स्टीलच्या बादलीतलं. दोन्ही पाणी रात्रभर ठेवलेलं, ताट एकच, जागा एकच, खाणं नाही. रात्री नऊला हंड्याच्या ग्लासमध्ये तिघांची टोकं फुगलेली. १० च्या ऑब्जेक्टिव्हखाली ती गोल टोकं पाहिली आणि शंकाच उरली नाही. चारही हायड्रा लगेच टँकच्या पाण्यात धुऊन घेतले. बुधवारी तिघांची शुंडकं पुन्हा लांब झाली. चौथा अजून आखडलेला आहे. बादलीवाले चारही ठणठणीत.

मत्स्यालयवाल्यांना हे माहीतच असतं: तांबं असलेलं औषध टाकलं की कोळंबी आणि गोगलगायी आधी जातात. माणसाला हंड्याचं पाणी चालतं आणि हायड्राला का नाही, याचं उत्तर त्याच्या शरीररचनेत आहे. आपल्याकडे त्वचा, आतडं, यकृत, मूत्रपिंड अशी पहाऱ्यामागून पहाऱ्याची रांग आहे. हायड्रा द्विस्तरीय. बाहेर एक थर, आत एक थर, मध्ये मेसोग्लियाचा पातळ पडदा. रक्त नाही, श्वसनाचा किंवा उत्सर्जनाचा वेगळा अवयव नाही. प्राणवायू आत येणं आणि नको ते बाहेर जाणं, सगळं पेशींमधून थेट पाण्यात. जवळजवळ प्रत्येक पेशी पाण्याला लागून, मग पाण्यात जे आहे ते प्रत्येक पेशीला भोगावंच लागणार.

आणि हाच साधेपणा त्याचं बळही आहे. १७४० मध्ये अब्राहम ट्रेम्बली नावाचा निसर्ग-अभ्यासक हेगजवळ एका सरदाराच्या दोन मुलांना शिकवत असताना खंदकातल्या पाण्यात त्याला हायड्रा दिसले. वनस्पती की प्राणी, हे ठरवायला त्याने ते कापले. तुकड्यांतून नवे उगवले तर वनस्पती, असा त्याचा हिशोब. उगवले खरे, पण ते चालत होते आणि शिकार करून खात होते. वर्गीकरणाच्या त्या काळच्या सगळ्या चौकटी हलवणारा हा प्रयोग होता, एका शिकवणीवाल्याने काचेच्या बरणीत केलेला. मला तो फार जवळचा वाटतो.

गेल्या महिन्यातला आनंदाचा क्षण दंशपेशींचा, म्हणजे शिकारीला डंख मारणाऱ्या पेशींचा. काचपट्टीवर एक शुंडक, कडेने पांढऱ्या व्हिनेगरचा पातळ केलेला थेंब आणि ४०० पटीत नजर लावून बसले. थेंब पोचला तशी शुंडकाच्या कडेवर एकदम धाग्यांची दाढी उगवली. सुटताना एकही दिसला नाही, आणि दिसणारही नाही: हायड्राच्या मोठ्या दंशपेशीचा काटा बाहेर पडायला सुमारे ७०० नॅनोसेकंद लागतात. रिकाम्या कुप्या, धाग्याच्या बुडाशी तीन काटे, सगळं स्पष्ट. फोटो धूसर आला, चित्र मात्र वहीत चांगलं उतरलंय.

‘कपाटातल्या वंशवृक्षा’ची, म्हणजे प्राण्यांच्या एकेका गटाला एक बरणी देण्याच्या माझ्या उद्योगाची, प्रगती थोडक्यात. वरच्या फळीवरची ‘सीलेंटेराटा’ ही चिठ्ठी काढून ‘निडारिया’ (हायड्रा, जेलीफिश, प्रवाळ यांचा गट) लावली. जुन्या नावात कोम्ब जेली (कंगव्यासारख्या पट्ट्यांचे समुद्री प्राणी), म्हणजे टेनोफोराही धरायचे, ते आता वेगळे. शिवाय २०२३ मधला गुणसूत्रांच्या रचनेवरचा अभ्यास सांगतो की बाकी सगळ्या प्राण्यांपासून पहिली फुटलेली फांदी स्पंजांची नसून टेनोफोरांची आहे. वाद पूर्ण मिटलेला नाही, पण मी स्पंजांच्या डावीकडे एक रिकामी बरणी ठेवली आहे. ती रिकामीच राहणार, कारण गोड्या पाण्यात टेनोफोरा नाहीत. माझे हायड्रा तपकिरी आहेत, हिरवे नाहीत, म्हणून चिठ्ठीवर ‘हायड्रा, बहुधा व्हल्गॅरिस’ एवढंच लिहिलंय. आपल्याच शहरात आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर इतकं काम झालंय आणि व्हल्गॅरिसच्या एका वाणाला ‘इंड-पुणे’ असं नाव आहे, तेव्हा ओळख पक्की केल्याशिवाय पुण्याचं नाव मी माझ्या बरणीवर लावणार नाही.

पुढचा बेत पुनर्जननाच्या तक्त्याचा होता: आडवे तीन तुकडे, रोज दोन नोंदी. पण हे लिहिता लिहिताच दुसरं सुचलंय. हंड्यात पाणी एक तास, चार तास आणि आठ तास ठेवून तिन्हीत दोन-दोन हायड्रा ठेवले, तर किती वेळात किती तांबं उतरतं याचा अंदाज येईल. टोकं फुगली की लगेच बाहेर काढायचे, पुढे जाऊ द्यायचं नाही. आणि त्यातून सावरलेल्या हायड्राला कापलं तर डोकं नेहमीसारखं दोन-तीन दिवसांत येतं की उशिरा? म्हणजे दोन्ही प्रयोग एकाच तक्त्यात बसतील. तीन तुकड्यांचा बेत मागे टाकते. स्पंजाच्या बरणीसाठी तसंही पावसाळा सरून नदीचं पाणी उतरेपर्यंत थांबायचंच आहे.

सासूबाईंना कारण सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. “म्हणजे माझ्या हातून गेले का गं ते?” म्हणाल्या. शिळं पाणी कशातलं हवं, हे मीच कधी सांगितलं नव्हतं, असं म्हटलं आणि त्यांना भिंगाखाली डबा ५ दाखवला. एका हायड्राला दोन्ही बाजूंनी कळ्या (अंगावरच फुटणारे छोटे हायड्रा) होत्या आणि एक कळी स्वतःच्या शुंडकांनी आर्टेमियाचं पिल्लू धरून बसली होती. त्या बराच वेळ खुर्चीवरून उठल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी माळ्यावरून झाकणाची स्टीलची कळशी काढली, धुतली आणि माझ्या बाटलीशेजारी भरून ठेवली.

डबा ५ ची मोजणी काल रात्री ३७. शनिवारी दहा डबा २ मध्ये हलवते, कळशीच्या पाण्यात. कुणाकडे प्लुमाटेलाचे स्टॅटोब्लास्ट (बीजासारख्या टिकाऊ कळ्या) असतील तर कळवा, ब्रायोझोआची (वसाहतीने राहणाऱ्या या सूक्ष्म प्राण्यांची) बरणी अजून रिकामी आहे. बदल्यात कळ्या आलेले पाच हायड्रा देईन. न्यायला काचेची बाटली आणा.