तुम्ही विचारलंत म्हणून: जपानी रेसलिंग बघायला सुरुवात कुठून करायची?

विचारणारे बहुतेक माझ्याच वयाचे असतात, शाळेत डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळलेले, केबलवर अंडरटेकर बघत मोठे झालेले. जपानमधलं रेसलिंग भारी असतं असं त्यांच्या कानावर आलेलं असतं आणि मग मेसेज येतो की एक चांगली मॅच सांग ना, तिथून सुरू करतो. त्यांना वाटतं मी २०१७ ची ओकादा-ओमेगा सांगेन, ती पूर्ण ६० मिनिटं चालून ड्रॉ झालेली, किंवा असंच काहीतरी ज्याला सगळे डोक्यावर घेतात. मी सांगते ४ जानेवारी २०१४, टोकियो डोम, काझुचिका ओकादा विरुद्ध तेत्सुया नाईतो. ती बघून लोक म्हणतात की बरी होती, पण एवढं काय त्यात. बरोबरच आहे, ती मॅच नुसती बरीच आहे. पण पुढची दहा वर्षं तिच्यावर उभी आहेत, म्हणून ती आधी.

आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न येतोच, निकाल तर आधीच ठरलेला असतो ना? हो, असतो. मला माहितीये, रिंगभोवती बसलेल्या प्रत्येकाला माहितीये. पण लोकांनी कोणावर जीव लावायचा हे कुठल्याच कंपनीला ठरवता येत नाही, आणि नाईतोची सगळी गोष्ट नेमकी तिथेच घडते.

आधी थोडी व्यवस्था समजून घ्या, नाहीतर काहीच कळणार नाही. न्यू जपान प्रो-रेसलिंग या कंपनीत नवीन पोरगा येतो तो 'यंग लायन' म्हणून. काळी चड्डी, काळे बूट, बास. ना झगमगीत कपडे, ना स्वतःचं टोपणनाव, मूव्ह्जसुद्धा अगदी साध्या, बॉस्टन क्रॅब आणि ड्रॉपकिक वगैरे. डोजोत, म्हणजे कंपनीच्या तालमीत, राहायचं, बैठका मारायच्या, मोठ्यांची कामं करायची आणि रोज हरायचं. मग एक दिवस त्याला परदेशात पाठवतात, मेक्सिको म्हणा अमेरिका म्हणा इंग्लंड म्हणा, आणि वर्षा-दोन वर्षांनी तो वेगळाच माणूस होऊन परत येतो. म्हणजे तो पुढे चॅम्पियन झाला तेव्हा लोकांनी त्याला काळ्या चड्डीत मार खाताना बघितलेलं असतं. गोष्ट दर आठवड्याच्या टीव्ही एपिसोडवर चालत नाही. टूर असतात, मॅच संपली की घामाने निथळत पडद्यामागे पत्रकारांसमोर दोन वाक्यं बोलतात, आणि त्या दोन वाक्यांवर पुढचे सहा महिने चालतात. उन्हाळ्यात जी-१ क्लायमॅक्स ही लीग, नाईतोच्या या गोष्टीच्या काळात ती जिंकणाऱ्याला ४ जानेवारीला टोकियो डोममध्ये टायटलची मॅच मिळायची. वारकऱ्याचं वर्ष जसं आषाढीकडे चालत असतं तसं न्यू जपानचं सगळं वर्ष ४ जानेवारीकडे चालत असतं.

आता नाईतो. टोकियोचाच पोरगा, लहानपणापासून न्यू जपानचा वेडा फॅन. त्याची तीन स्वप्नं त्याने स्वतःच कितीदा सांगितलीत: न्यू जपानमध्ये रेसलर व्हायचं, विशीतच आयडब्ल्यूजीपी चॅम्पियन, म्हणजे कंपनीचा मुख्य चॅम्पियन, व्हायचं, आणि टोकियो डोमचा मेन इव्हेंट करायचा. पहिलं २००६ मध्ये पूर्ण झालं. दुसरं राहूनच गेलं, तिशी उलटली. तिसरं जवळ आलं २०१३ मध्ये, गुडघ्याच्या दुखापतीतून परत आल्यावर त्याने जी-१ च्या फायनलला हिरोशी तानाहाशीला हरवलं. तानाहाशी म्हणजे कंपनीच्या पडत्या काळात तिला सावरलेला माणूस. म्हणजे कागदावर सगळं बरोबर होतं, गोरागोमटा हिरो, देखण्या मूव्ह्ज, 'न्यू जपानचा नायक मीच' असं तो जाहीर सांगायचा. आणि लोकांना तो आवडेना. कारण सरळ होतं, हा तर दुसरा तानाहाशी व्हायला बघतोय आणि पहिला अजून समोर उभा आहे. लोक बू करायला लागले.

मग कंपनीने जे केलं ते आजही आठवलं की पोटात तुटतं. ४ जानेवारी २०१४ चा मेन इव्हेंट कुठला असावा यासाठी ऑनलाइन मतदान घेतलं. एका बाजूला चॅम्पियन ओकादा विरुद्ध नाईतो, मुख्य टायटलची मॅच. दुसऱ्या बाजूला शिन्सुके नाकामुरा-तानाहाशी, इंटरकॉन्टिनेंटल टायटलची, म्हणजे दुय्यम बेल्टची. लोकांनी मोठ्या फरकाने दुसरी निवडली. नाईतोने लहानपणापासून जपलेलं स्वप्न लोकांनी मत देऊन काढून घेतलं, आणि वर तो ती मॅच हरलासुद्धा. पुढच्या महिन्यात ओसाकात तोमोहिरो इशीने त्याच्याकडचा नेव्हर नावाचा आणखी एक बेल्ट घेतला तेव्हा हॉल असा उसळला की जणू गावावरचं संकट टळलं.

दुसऱ्या कुठल्या कंपनीत हे झालं असतं तर ते विसरायला लावलं असतं. नवीन म्युझिक, नवीन कपडे, झालं. न्यू जपानने ते मतदानच गोष्टीत घेतलं, आणि माझ्या मते त्यांनी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

२०१५ मध्ये नाईतो मेक्सिकोला गेला, तिथल्या 'लोस इंगोबेर्नाब्लेस' या गटात सामील झाला, आणि परत आला तो कोणाचीच पर्वा नसलेला माणूस होऊन. आता तो रिंगकडे इतका सावकाश चालत यायचा की समोरचा वैतागायचा, सूटची बटणं एकेक करून सोडायचा, बोटांनी डोळा ताणून उघडून लोकांकडे बघायचा, मॅचच्या मध्येच मॅटवर कुशीवर रेलून पडायचा. आणि त्याचं ते 'त्रांकिलो', कशाला घाई करताय. गंमत बघा, प्रेमासाठी धडपडत होता तोवर लोकांनी दिलं नाही, ज्या दिवशी त्याने मागायचं सोडलं त्या दिवसापासून लोक त्याच्या बाजूने व्हायला लागले. त्याच वर्षाच्या शेवटी ईव्हिल आणि बुशीला घेऊन त्याने 'लोस इंगोबेर्नाब्लेस दे हापोन' उभं केलं आणि बघता बघता हॉलमध्ये जिकडेतिकडे त्यांचे काळे टी-शर्ट दिसायला लागले.

एप्रिल २०१६ मध्ये सानादा नावाचा नवा गडी मध्ये पडला, त्याच्या मदतीने नाईतोने ओकादाला हरवलं आणि पहिल्यांदा मुख्य बेल्ट मिळवला. मिळवला आणि हवेत भिरकावून दिला, खाली पडला तसा पडू दिला. पण मुख्य बेल्टपेक्षा इंटरकॉन्टिनेंटल बेल्टकडे लक्ष ठेवा. त्याच वर्षी तोही त्याच्या हातात आला आणि त्याने तो रिंगच्या लोखंडी पायऱ्यांवर आपटून आपटून अक्षरशः तोडला, पांढऱ्या पट्ट्यावरचं ते सुंदर काम वाकडंतिकडं करून टाकलं. नवीन माणसाला वाटतं की हा नुसता वाईटपणा चाललाय. पण २०१४ मध्ये त्याचा मेन इव्हेंट ज्याने खाल्ला तो हाच बेल्ट होता. कोणी समजावून सांगत नाही, स्क्रीनवर जुना व्हिडिओ लावत नाहीत, ज्याने बघितलंय त्याला कळतं. आणि पुढे हाच माणूस म्हणायला लागतो की मला दोन्ही बेल्ट एकाच वेळी हवेत.

आता ४ जानेवारी २०१८. परत जी-१ जिंकून नाईतो डोममध्ये, परत ओकादा, पण यावेळी शेवटची मॅच हीच आणि अख्खा डोम नाईतोच्या नावाने ओरडतोय. जिंकणार हे सगळ्यांनी धरलंच होतं. शेवटाकडे तो कोपऱ्यात दोरावर चढतो आणि 'स्टारडस्ट प्रेस' मारायला जातो. ही त्याची जुनी मूव्ह, वरून अंगाला पीळ देत उलटी मारून खालच्यावर कोसळायचं, तो गोरागोमटा हिरो होता तेव्हाची. मेक्सिकोहून आल्यावर त्याचं शस्त्र वेगळं होतं, 'डेस्टिनो'. मग आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या रात्री जुनी मूव्ह कशाला? कारण आत तो अजून तोच पोरगा आहे ज्याला २०१४ ची रात्र दुरुस्त करायचीय. ओकादा बाजूला होतो, नाईतो मोकळ्या मॅटवर आदळतो, आणि थोड्या वेळात हरतो. मी ती मॅच बघून कितीतरी वेळ चिडलेली होते, आता म्हणते बरं झालं.

कारण ५ जानेवारी २०२०. त्या वर्षी डोमचा शो सलग दोन दिवस होता. पहिल्या दिवशी त्याने 'जे व्हाइट' नावाच्या रेसलरकडून इंटरकॉन्टिनेंटल परत घेतला, दुसऱ्या दिवशी समोर ओकादा, दोन्ही बेल्ट पणाला. परत कोपरा, परत दोर, परत स्टारडस्ट प्रेस, आणि यावेळी लागला. त्यावर डेस्टिनो, एक दोन तीन. दोन वर्षांपूर्वी चुकलेली उडी ज्याने बघितली नाही त्याला ती फक्त एक चांगली उडी, ज्याने बघितलीय तो खुर्चीतून उठतो.

जिंकल्यावर त्याच्या गटाची एक रीत होती, रोल कॉल. गटातल्या एकेकाचं नाव घ्यायचं आणि शेवटचं 'दे-हा-पोन' सगळ्या हॉलने मुठी वर करून एकदम ओरडायचं. टोकियो डोममध्ये ते करायचं हे आता त्याचं नवीन स्वप्न झालं होतं. त्याने माईक घेतला, नावं सुरू करणार, आणि केन्टा नावाचा दुसरा रेसलर मागून येऊन त्याला आडवा करतो, दोन्ही बेल्ट हातात घेऊन त्याच्या अंगावर मांडी घालून बसतो. लोक घरी गेले ते तसेच. त्या रात्री जगभरातले फॅन खवळले होते, की एवढं सगळं दिलंत, हे एवढंसं का नाही?

आणि मग कोविड आला. हे कोणी लिहिलेलं नव्हतं. शो बंद, मग प्रेक्षकांविना शो, मग प्रेक्षक आले पण ओरडायला बंदी, फक्त टाळ्या. ज्याच्या गोष्टीत लोकांचा आवाज हेच दुसरं पात्र, त्याच्याच काळात आवाज गेला. जुलै २०२० मध्ये ईव्हिलने, गटातल्या पहिल्या सोबत्याने, दगा देऊन त्याचे दोन्ही बेल्ट काढून घेतले आणि लोकांना धड बूसुद्धा करता आलं नाही. ऑगस्टमध्ये त्याने ते परत मिळवले, पण जानेवारी २०२१ मध्ये डोममध्ये तो कोता इबुशीकडून हरला तेही टाळ्यांतच. त्यात गुडघे गेलेले, डोळ्याचा त्रास, एकाचे दोन दिसायचे, ऑपरेशनं झाली. उड्या कमी झाल्या, सगळं हळू झालं.

ऑगस्ट २०२३ मध्ये त्याने परत जी-१ जिंकलं, फायनलला ओकादाच. ४ जानेवारी २०२४, डोम, शेवटची मॅच, समोर सानादा. तोच सानादा ज्याने २०१६ मध्ये पहिला बेल्ट मिळवून दिला होता आणि आता गट सोडून स्वतः चॅम्पियन झाला होता. नाईतो जिंकतो, माईक घेतो, आणि ईव्हिल आपली टोळी घेऊन येतो. मला वाटलं झालं, परत तेच. पण हरलेला सानादा उठून ईव्हिलला हुसकावतो आणि निघून जातो. मग नाईतो एकेक नाव घेतो, सावकाश, आणि शेवटी अख्खा टोकियो डोम 'दे-हा-पोन'. २०१४ मध्ये मत देऊन ज्यांनी त्याला नाकारलं ते हेच लोक. मॅच म्हणून ती २०१८ किंवा २०२० च्या जवळपास येत नाही आणि मला त्याचं काहीही वाटत नाही.

हे फक्त न्यू जपानचंच आहे असं नाही. नव्वदच्या दशकातलं ऑल जपान बघा, ती दुसरी कंपनी, मित्सुहारु मिसावा आणि तोशिआकी कावादा. दोघं एकाच शाळेत, मिसावा एक वर्ष पुढे. कावादा आयुष्यभर त्या एका वर्षाच्या मागे धावला. ३ जून १९९४ ला हरला, आणि कशी मॅच होती ती! जून १९९५ मध्ये टॅग मॅचमध्ये पहिल्यांदा मिसावाला पिन केलं, आणि १ मे १९९८ ला टोकियो डोममध्ये त्याच्याकडून ट्रिपल क्राउन, म्हणजे तिथलं मुख्य टायटल, घेतला. यात भाषणं जवळपास नाहीतच, सगळं कोपर, लाथ आणि मान यातूनच बोललेलं. मला स्वतःला हे नाईतोपेक्षाही खोल वाटतं, पण सुरुवातीला देत नाही, त्यासाठी आधी नजर तयार व्हावी लागते.

सगळं लांबलेलं चांगलंच असतं असं मात्र मी म्हणणार नाही. ईव्हिलच्या टोळीची तीच ती लुडबुड, रेफरी बेशुद्ध, खुर्ची, गळा आवळायची वायर, हे वर्षानुवर्षं चाललं आणि त्याने कितीतरी चांगल्या मॅचेस वाया घालवल्या. वेळ खूप घेतला म्हणजे गोष्ट सांगितली असं होत नाही. नाईतोच्या हरण्याने दर वेळी त्याच्यात काहीतरी बदललं. लुडबुडीने कोणातच काही बदलत नाही, फरक तेवढाच.

मे २०२५ मध्ये नाईतो बुशीला बरोबर घेऊन न्यू जपान सोडून गेला, तेव्हा आता जे बघाल ते पूर्ण झालेलं आहे, अधेमधे ताटकळायला लागणार नाही. न्यू जपान वर्ल्ड या कंपनीच्या स्ट्रीमिंग सेवेचं एक महिन्याचं सबस्क्रिप्शन घ्या, इंग्लिश कॉमेंट्री असेल तिथे ती लावा. २०१३ ची जी-१ फायनल, २०१४ चा डोम, एप्रिल २०१६, २०१८, २०२०, २०२४, याच क्रमाने, आणि प्लीज २०२० वर उडी मारू नका. मध्ये वाटलं तर ओकादाची बाजू बघा, तो २०१२ मध्ये अमेरिकेतून परत आला तेव्हा त्यालाही कोणी विचारत नव्हतं आणि महिन्या-दीड महिन्यात त्याने तानाहाशीला पाडून बेल्ट घेतला, त्याच्यावर वेगळं लिहायला लागेल. कावादा त्यानंतर.