तुम्ही विचारलंत म्हणून: आधी मॉनिटर, मग कार्ड

“४के गेमिंगसाठी कुठलं ग्राफिक्स कार्ड घेऊ?” हे मला फार वेळा विचारलं जातं. विचारणाऱ्याला कार्डाचं नाव हवं असतं. मी आधी उलट विचारतो: मॉनिटर किती इंची घेणार, आणि त्याच्यापासून किती लांब बसणार?

कार्डावर किती ओझं पडणार हे मॉनिटर ठरवतो. १०८०पी स्क्रीनवर सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, १४४०पीवर जवळपास ३७ लाख आणि ४केवर ८३ लाख. म्हणजे १४४०पीवरून ४केवर गेलात की प्रत्येक फ्रेममागे (पडद्यावरच्या एकेका चित्रामागे) सव्वादोनपट पिक्सेल रंगवावे लागतात. त्यात १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० फ्रेम्सचा, वेग हवा असेल, तर एका फ्रेमसाठी कार्डाला मिळतात फक्त ८.३ मिलिसेकंद.

एवढे पिक्सेल डोळ्याला दिसतात का? चांगली नजर एका अंशात साधारण ६० पिक्सेल वेगळे ओळखते असं धरू. मग २७ इंची १४४०पी मॉनिटरचे पिक्सेल ८० सेंटिमीटरच्या पलीकडे एकमेकांत मिसळतात, २७ इंची ४केचे मात्र ५३ सेंटिमीटरलाच. टेबलाशी आपण बहुतेक ६०-७० सेंटिमीटरवर बसतो, म्हणजे फरक दिसतो, पण ४केची सगळी बारकाई पदरात पडत नाही. ३२ इंचांत तेच अंतर ६३ सेंटिमीटर होतं. म्हणून माझं मत ठाम आहे: २७ इंच असेल तर १४४०पी, आणि ४केच हवं असेल तर ३२ इंच.

मॉनिटर ठरला की कार्डात मी आधी व्हीआरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, पाहतो. मोठी टेक्श्चर्स (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं), रे ट्रेसिंगचा म्हणजे प्रकाशकिरणांच्या हिशेबाचा डेटा, फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये जादा फ्रेम्स तयार करणं), सगळं तिथेच राहतं. ते भरलं की कार्डाला पीसीआय एक्सप्रेस या कॉम्प्युटरशी असलेल्या जोडणीवरून साध्या रॅमकडे धाव घ्यावी लागते, आणि तो रस्ता खूप हळू आहे. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम्स) तेव्हाही बरा दिसू शकतो, पण वळण घेताना गेम अडखळतो. काही गेम तर गुपचूप धूसर टेक्श्चर्स लावतात आणि आकडा छान दाखवतात! त्यामुळे रिव्ह्यूत सरासरीपेक्षा १ टक्का लो (सर्वांत हळू १ टक्का फ्रेम्सचा वेग) हा आकडा वाचा. नव्या मोठ्या गेमसाठी ४केला ८ जीबी मला अपुरे वाटतात. १६ जीबी असले की निर्धास्त खेळता येतं.

डीएलएसएस आणि एफएसआर या कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणाऱ्या तंत्रांना कमी लेखू नका. ४केवर डीएलएसएसचा क्वालिटी मोड आतून १४४०पीच रंगवतो आणि आधीच्या फ्रेम्सची माहिती वापरून चित्र पूर्ण करतो. नुसतं रिझोल्यूशन उतरवून खेळण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण ४के पॅनलवर १४४०पीचा एक पिक्सेल दीड पिक्सेलवर ताणला जातो आणि कडा पुसट होतात. फ्रेम जनरेशनचं तसं नाही. त्याने हालचाल गुळगुळीत दिसते, पण माउसला मिळणारा प्रतिसाद जलद होत नाही. मुळात ३० एफपीएस मिळत असतील तर हाताला तो जडपणा जाणवतोच.

पॅनलबद्दल थोडक्यात: अंधाऱ्या दृश्यांसाठी ओएलईडीला तोड नाही, पण दिवसभर त्याच स्क्रीनवर ऑफिसचं काम असेल तर बर्न-इनचा (स्थिर चित्राचा डाग पडद्यावर कायम उमटण्याचा) धोका धरून चला आणि आयपीएस घ्या. व्हेरिएबल रिफ्रेश रेट (मॉनिटरने कार्डाच्या वेगाशी जुळवून घेणं) मात्र हवाच. एफपीएस ९० वरून ७० वर आला तरी चित्र फाटत नाही, आणि त्यामुळे थोडं लहान कार्डही पुरतं.

पैसे देण्याआधी दोन्हीकडचे पोर्ट जुळवून पाहा. एचडीएमआय २.० वर पूर्ण रंगांसह ४के ६० हर्ट्झलाच थांबतं. १२० हवे असतील तर कार्ड, मॉनिटर आणि केबल तिन्ही एचडीएमआय २.१ च्या पूर्ण बँडविड्थची हवीत, नाहीतर डीएससी (चित्राचा डेटा दाबून पाठवण्याची सोय) असलेला डिस्प्लेपोर्ट १.४ वापरा.