ठाण्यात घर कुठे बघावं?

"ठाण्यात भाड्याने घर बघतोय, कुठला भाग चांगला?" असं तुम्ही विचारलंत. यावर उलटा प्रश्न एकच: सकाळी जायचं कुठे? तलावांचं शहर वगैरे ठीक आहे, पण ठाण्यात पत्त्याची किंमत स्टेशनवरून ठरते. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी इथे आली तेव्हापासून गाव स्टेशनाभोवतीच वाढलं आहे.

नकाशावर आधी पूर्व द्रुतगती महामार्ग शोधा. त्याच्या स्टेशनकडच्या बाजूला जुनं ठाणं: नौपाडा, पाचपाखाडी, चरई, उथळसर. डोंगराकडच्या बाजूला वागळे इस्टेट, वर्तकनगर, लोकमान्यनगर, वसंत विहार. महामार्ग ओलांडायचा तो तीन हात नाका, नितीन कंपनी, कॅडबरी किंवा माजिवड्यालाच. वरच्या पुलावरून मुंबई-नाशिकची वाहनं सुसाट जातात आणि खाली सिग्नलला ठाणेकर थांबतो. म्हणून वर्तकनगरहून 'स्टेशन पंधरा मिनिटं' असं एजंट म्हणाला, तर ती रविवार दुपारची मिनिटं समजा. घर पसंत पडलंच तर कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला सोसायटीच्या फाटकापासून थेट फलाटापर्यंत वेळ लावून बघा. रिक्षाची रांग आणि स्टेशनचा जिना धरूनच.

नौपाड्यात गोखले रोड, राम मारुती रोड, गडकरी रंगायतन, सगळं चालत. पण इमारती बहुतेक तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या, गाडी लावायला जागा नाही. त्यातल्या बऱ्याच पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत, आणि भाडेकरूची फसगत इथेच होते. करार अकरा महिन्यांचा असतो आणि सहाव्या महिन्यात घर रिकामं करा म्हणतात. बिल्डरशी करार झाला आहे का, हे मालकाला नव्हे, सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. आणि वंदना टॉकीजच्या आसपास तळमजला घेऊ नका, मोठ्या पावसात तिथे पाणी भरतं.

नोकरी ऐरोली, रबाळे, वाशीला असेल तर पश्चिमेचा मोह सोडा आणि पूर्वेला कोपरीत बघा. ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या लोकल, ९ आणि १० नंबरवरून सुटतात आणि ते फलाट कोपरीच्याच अंगाला आहेत. फाळणीनंतर वसलेली सिंधी वस्ती, बाजार भरलेला, खायची चंगळ. घरं मात्र दाटीची.

घोडबंदर रोडबद्दल सगळ्यात जास्त विचारतात. पण 'घोडबंदरला राहतो' यातून काहीच कळत नाही. मानपाडा वेगळं, वाघबीळ वेगळं, कासारवडवली तर स्टेशनपासून दहाएक किलोमीटर. घरं मोठी, हवा बरी, लिफ्ट-जिम-बाग सगळं आहे. अडचणी दोन. पहिली रस्त्याची: गुजरातकडून न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर याच रस्त्याने येतात. गायमुखच्या अरुंद घाटात एक ट्रक बंद पडला की रांग मागे लांबत जाते. मेट्रोच्या कामाने त्यात भरच घातली. दुसरी पाण्याची: इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या, पाणी त्या मानाने वाढलं नाही. महापालिकेचं पाणी दिवसातून किती तास येतं, उन्हाळ्यात टँकर रोज किती लागतात आणि त्यांचं बिल मेंटेनन्समध्ये धरलंय की वेगळं, हे तिन्ही विचारा. मे महिन्याची पावती मागून बघा. नाटकवेड्यांना एक दिलासा, घाणेकर नाट्यगृह याच बाजूला आहे.

वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. कारखाने गेले, आयटीच्या काचेच्या इमारती आल्या, पण रिक्षावाला अजून रस्त्याच्या नंबरनेच, '१६ नंबर', '२२ नंबर' असं ओळखतो. ऑफिस तिथेच असेल तर लोकमान्यनगर, सावरकरनगर स्वस्तात पडतं.

कळवा खाडीपलीकडे, भाडं बरंच उतरतं. तिथे आणि पुढे मुंब्रा-दिव्याला भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, इमारत राहायला मंजूर असल्याचा महापालिकेचा दाखला) बघितल्याशिवाय अनामत देऊ नका, विकत घेणार असाल तर मुळीच नाही. अनधिकृत इमारतीला बँक कर्ज देत नाही.

आता 'तलावासमोरचं घर' म्हणून विचारता ते. मासुंदा म्हणजे तलावपाळी, संध्याकाळी खाऊच्या गाड्या, नावा, हॉर्न. खिडकी उघडी ठेवून झोपायची जागा नव्हे. उपवन डोंगराच्या पायथ्याशी, सुंदर, पण शनिवार-रविवारी येऊरला जाणाऱ्यांची रीघ तिथूनच जाते. रोज फेऱ्या मारायला तलाव हवा असेल तर पाचपाखाडीतला कचराळी, महापालिका मुख्यालयाला लागून. नावावर जाऊ नका.