काळी एकचे बुवा, पांढरी दोनमध्ये

ऑगस्टातली गोष्ट. तीन दिवस झड लागली होती. बेळगावचा पाऊस ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको, भिंतींना ओल येते, काडेपेटी पेटत नाही आणि माझ्या शहापूरच्या दुकानात मिक्सर, इस्त्र्या, टीव्हीचे बोर्ड यांची रांग लागते. जुने सीडी प्लेअर हे माझं आवडीचं काम, पण ते रांगेतलं नव्हे. ते मी संध्याकाळी, शटर अर्धं खाली ओढून करतो.

त्या दिवशी मात्र सकाळी अकरालाच खानापूरहून बापलेक आले. मुलाच्या हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला प्लेअर आणि वडिलांच्या मांडीवर पेटी. हार्मोनियम. मला वाटलं, पेटीही दुरुस्तीला आणलीय की काय.

"पेटीला हात लावायचा नाही," वडील म्हणाले. "ती साक्षीला आणलीय."

गृहस्थ ऐंशीच्या घरातले. आयुष्यभर पेटी वाजवली, शिकवली, भजनी मंडळांपासून मोठ्या बुवांपर्यंत साथ केली. गावात सगळे मास्तरच म्हणतात, मीही इथं तेच लिहितो. प्लेअर युरोपातल्या बनावटीचा, 80च्या दशकाच्या अखेरचा. मास्तरांचे धाकटे भाऊ बोटीवर नोकरीला होते, त्यांनी आणून दिलेला.

मुलानं मला बाजूला घेतलं. "प्लेअर चांगला आहे ओ. वर्षापूर्वी परगावी देऊन मॉडिफाय करून आणलाय, आवाज एकदम खुललाय. पण तेव्हापासून बाबा ऐकतच नाहीत. म्हणतात बुवा चढे गातात. कानाच्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले वयामानानं ठीक आहे. तुम्ही एकदा उघडून बघा आणि मशीन बरोबर आहे म्हणून सांगा. तुमचं ऐकतील."

म्हणजे दुरुस्ती करायची नव्हती. दाखला द्यायचा होता.

मी झाकण उघडलं आणि खरं सांगतो, आत बघून बरं वाटलं. ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सीडीवर आवाज आकड्यांच्या रूपात असतो, सेकंदाला 44,100 वेळा मोजलेला, 16 बिटांचा. ते आकडे परत आवाजात बदलणारी चिप म्हणजे डॅक. ह्या प्लेअरमध्ये फिलिप्सची टीडीए 1541ए होती, जुन्या प्लेअरच्या शौकिनांमध्ये हिचं नाव आजही आदरानं घेतात. तिच्या दोन्ही बाजूंना चौदा छोटे कंडेन्सर असतात. चिपच्या आत मोठ्या बिटांचे प्रवाह सतत अदलाबदल करून अचूक ठेवले जातात आणि त्या अदलाबदलीचा खरखराट हे कंडेन्सर गाळतात. इथं मूळचे काढून चौदाही जागी चांगले फिल्म कंडेन्सर लावलेले. आउटपुटला नवा ऑप-अँप, म्हणजे आवाजाचा सिग्नल पुढं देणारी चिप, तोही बेसमध्ये बसवलेला. सोल्डरचे डाग स्वच्छ, कुठं बोर्डावरचा ट्रॅक जळलेला नाही. आणि कोपऱ्यात गरम गोंदानं चिकटवलेली एक बारकी पट्टी, तिच्यावर पत्र्याच्या टोपीचा ऑसिलेटर. नवा क्लॉक, म्हणजे प्लेअरला ताल देणारा भाग. टोपीवरचा नंबर घासून काढला होता. आपलं गुपित राहावं म्हणून पुष्कळ कारागीर असं करतात. मला ती सवय आवडत नाही. उद्या दुसऱ्या माणसाला ते मशीन उघडावं लागतं आणि त्याच्यापुढं आंधळी कोशिंबीर येते.

मास्तरांनी सीडी दिली. खयाल, एका दिवंगत बुवांचा. तरुणपणी त्यांना मास्तरांनी एकदा साथ केली होती. मी हेडफोन लावून पाच मिनिटं ऐकलं. आवाज मोकळा, लख्ख, तानेतला दाणा न् दाणा वेगळा. मी म्हणालो, "मास्तर, काम चांगलं झालंय."

हे वाक्य मी बोललो, ते आजही मला बोचतं. माझ्या कानांना त्या बुवांची मूळ पट्टी ठाऊक नव्हती, तरी मी निकाल देऊन मोकळा झालो.

मास्तर काही बोलले नाहीत. पेटीची खोळ काढली, भाता सोडला. "स्पीकरवर लावा," म्हणाले. मी लावलं. तानपुरा सुरू झाला. त्यांनी काळी एक दाबली. दुकानात दोन षड्ज एकमेकांशी भांडायला लागले, ते तर माझ्यासारख्यालाही कळलं. मग त्यांनी बोट उचलून शेजारच्या पांढरी दोनवर ठेवलं. भांडण मिटलं. पूर्ण मात्र नाही. सुरात एक संथ हेलकावा राहिला, पाण्यावर होडी डुलावी तसा.

"बघा की," मास्तर म्हणाले. "बुवा जन्मभर काळी एकमध्ये गायले. ही पेटी मी ह्याच सीडीच्या तानपुऱ्याशी जुळवून घेतलीय, वीस वर्षं हिच्यावर रोज वाजवत होतो. आता ते पांढरी दोनच्याही केसभर वर गेलेत. पहिल्यांदा वाटलं पेटीच उतरली. मिरजेला नेली. कारागीर म्हणाला, मास्तर, पेटी चोख आहे. म्हणजे कान गेले. महिनाभर शिष्यांनाही बोलावलं नाही. आपला षड्जच आपल्याला कळेना तर त्या पोरांना काय शिकवायचं?"

मुलगा खाली बघत उभा होता. त्याला हे शेवटचं माहीत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

तेवढ्यात बैलहोंगलच्या एक बाई मिक्सर न्यायला आल्या. "आतेन्री?" झालं का म्हणून विचारलं. मी हातानंच थांबा म्हटलं. त्या बाकावर बसल्या आणि पुढचं सगळं त्यांनी पाहिलं.

टेपरेकॉर्डर असता तर मी डोळे झाकून मोटरचा वेग बघितला असता. पण सीडीचा सूर चढतो कसा? तबकडी तर एका ठरावीक वेगानं फिरतच नाही. आतल्या कडेला मिनिटाला सुमारे 500 फेरे, बाहेर येईपर्यंत 200च्या आसपास. वेग कमीजास्त झाला तरी आकडे आधी बफरमध्ये साठतात आणि तिथून एका तालात बाहेर पडतात, मोटर त्या तालाच्या मागं धावते. तो ताल देणारा एकच, क्लॉकमधला क्रिस्टल. ताल चढला तर गवई, तबलजी, तानपुरा, मोटर, सगळेच चढणार. आणि पडद्यावरचं घड्याळही चढणार, कारण तेही तबकडीवरूनच वाचलं जातं.

म्हणून मी पहिल्यांदा मीटर नाही, मोबाइलचं स्टॉपवॉच काढलं. खयालाचा ट्रॅक सुरुवातीपासून लावला आणि दोन्ही एकदम सुरू केलं. आम्ही चौघं आकड्यांकडं बघत बसलो. मिनिट उलटायच्या आतच फरक दिसायला लागला. प्लेअरच्या पडद्यावर 10 मिनिटं पूर्ण झाली तेव्हा माझ्या हातातल्या घड्याळात 9 मिनिटं 24 सेकंद झाली होती.

मुलानं स्टॉपवॉच माझ्या हातून घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

मग फ्रिक्वेन्सी काउंटर काढला, सेकंदाला किती ठोके पडतात ते मोजणारा. अशा वेळी प्रोब थेट क्रिस्टलच्या पायाला लावू नये, प्रोबच्या स्वतःच्या कपॅसिटन्सनं ताल सरकतो. डॅकच्या आधी आकड्यांवर काम करणारी डिजिटल फिल्टरची आयसी असते, तिच्यातून डीकोडरला, म्हणजे तबकडीवरचे आकडे उलगडणाऱ्या चिपला, जाणारा क्लॉक असतो, तिथं लावावा. तिथं यायला हवे होते 11.2896 मेगाहर्ट्झ. हा आकडा विचित्र वाटतो, पण 44,100 ला 256 नं गुणा, बरोबर तोच येतो. काउंटरवर आले 12.000.

मी कागद घेतला. 12 ला 11.2896 नं भागलं, 1.063. पेटीवर शेजारच्या दोन सुरांमध्ये प्रमाण असतं 1.059. म्हणजे एक सूर पूर्ण वर, आणि वर केसभर.

केसभर! मास्तरांनी काउंटर बघायच्या आधी, नुसत्या कानानं तो शब्द वापरला होता. ऐंशीच्या घरातल्या माणसानं तिसऱ्या दशांश स्थळातली चूक सांगितली होती आणि आम्ही त्यांना कानाच्या डॉक्टरांकडं धाडलं होतं. ह्या मुलखात हे व्हावं, याची मला लाज वाटली. इथून जवळ सुळेभावीला 1924 साली कुमार गंधर्व जन्मले, पलीकडं धारवाडला मन्सूर अण्णा राहिले. सुरांची जाण ही आमच्याकडं घरादारातली गोष्ट. आणि मी हेडफोन लावून पाच मिनिटांत "काम चांगलं झालंय" म्हणालो होतो.

12चा ऑसिलेटर तिथं का बसला असेल? हेतू वाईट नसावा. 12 मेगाहर्ट्झ कुठल्याही दुकानात मिळतो, मायक्रोकंट्रोलरच्या कामाला तो नेहमी लागतो. 11.2896 मागवावा लागतो. बसवला, गाणं वाजलं, शिवाय जरा चढं आणि चपळ वाजलं. चढलेला सूर आणि वाढलेली लय कानाला पहिल्या झटक्यात तजेलदार वाटते. मुलालाही तसंच वाटलं, मलाही. त्यात क्लॉक बदलायची गरज मुळात नव्हती. कारखान्यातला साधा क्रिस्टल लाखात पाच-दहा भागांनी चुकतो, तेवढा फरक कुणाच्याच कानाला सुरात कळत नाही. चांगल्या क्लॉकनं फायदा होतो तो जिटरचा, म्हणजे दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या बारीक थरथरीचा. तो फायदाही सप्लाय, म्हणजे आतला वीजपुरवठा, स्वच्छ असेल तरच.

आणि सप्लाय स्वच्छ नव्हता. एवढे भारी फिल्म कंडेन्सर लावणाऱ्यानं व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरच्या आधीचे मूळ इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर तसेच ठेवले होते, तीस वर्षांहून जुने. दोन तर बुडाशी ओलसर. माझं याबाबत मत पक्कं आहे, आधी मशीन होतं तसं करायचं, मग सुधारायचं. लोक उलटं करतात, कारण सुकलेला कंडेन्सर बदलण्यात मिरवण्यासारखं काही नसतं.

मी मिक्सर बाईंना देऊन टाकला, पैसे घेतले आणि बाकीची रांग उद्यावर ढकलली. बाई गेल्या नाहीत. पाऊस होता म्हणाल्या, पण छत्री होती त्यांच्याकडं.

गोंद हलक्या हातानं उकलला, पट्टी काढली. खाली क्रिस्टलच्या एका छिद्राचा ट्रॅक उखडला होता, तिथं कंडेन्सरच्या पायाची तार वळवून जोड दिला. भंगारात काढलेल्या प्लेअरांचे बोर्ड मी फेकत नाही, त्यातल्या एकातून 11.2896चा क्रिस्टल आणि त्याचे दोन बारके सिरॅमिक कंडेन्सर घेतले. सप्लायचे सात कंडेन्सर बदलले. फिल्टरची आयसी चांगलीच तापते आणि तिचा गोंगाट 5 व्होल्टच्या लाइनवरून डॅकपर्यंत जातो, म्हणून तिला वेगळा रेग्युलेटर दिला. चौदा फिल्म कंडेन्सर आणि ऑप-अँप तसेच ठेवले. काम चांगलं होतं, ते कुणी केलं म्हणून काढायचं नसतं. लेन्स पुसली. काउंटरवर 11.2896 उमटायला दुपारचे साडेतीन झाले. तोवर कुणी जेवलं नव्हतं.

डिजिटल फिल्टरच काढून टाकून डॅकला थेट आकडे द्यावेत, असा एक प्रकार हल्ली फार चालतो. मुलानं तो कुठंतरी वाचला होता, त्यानं विचारलं. मी नको म्हणालो. त्यानं 20 किलोहर्ट्झला आवाज तीन डेसिबलहून जास्त पडतो. काहींना तो मऊपणा आवडतो, आवडू दे. पण एका फसगतीतून आत्ताच बाहेर आलेल्या माणसाच्या मशीनवर मी दुसरा प्रयोग करणार नव्हतो.

सीडी लावली. तानपुरा सुरू झाला. मास्तरांनी लगेच पेटीला हात लावला नाही. ते डोळे मिटून ऐकत होते आणि ओठांच्या आत षड्ज लावत होते. मग काळी एक दाबली.

हेलकावा नव्हता. पेटी कुठं संपते आणि तानपुरा कुठं सुरू होतो ते कळेना. बुवांनी पहिला सूर लावला आणि मास्तरांचा हात आपोआप त्यांच्या मागं निघाला, अर्धी मात्रा उशिरा, साथीदार राहतो तसा. विलंबित आता खरंच विलंबित वाटत होतं. ताना मघापेक्षा कमी चमकदार होत्या, पण आता त्यांना वजन होतं. मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. मध्येच त्यानं खिशातून मोबाइल काढला, वडिलांच्या शिष्यांपैकी कुणाला तरी फोन लावला आणि हळू आवाजात म्हणाला, "रविवारी या. होय, सगळे."

निघताना मी बिल केलं. मास्तरांनी चष्मा लावून वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"नुसतं क्रिस्टल बदलला असं नको," ते म्हणाले. "आकडे घाला. आधीचा किती, आत्ताचा किती. आणि तारीख."

"वॉरंटीला लागणार आहे?"

"मिरजेला दाखवायचंय. तो कारागीर पेटी चोख आहे म्हणाला होता, आणि मी त्याच्याशी भांडून आलोय."

मी बिलावर लिहिलं: आधी 12.000, आता 11.2896. खाली सही केली. त्यांनी कागदाची घडी घातली आणि पेटीच्या खोळीत, भात्याच्या मागं सरकवली.