गच्चीची चावी

फराळाच्या डब्यात शेवेचा चुरा तेवढा उरला, की आमच्या वॉचमनची बायको दारात येते. "भाभीजी, छत की चाबी चाहिए. गेहूँ सुखाना है."

गच्चीवर वाळवण घालायचं नाही, असा सोसायटीचा नियम आहे. तो नवऱ्यानंच टाइप केलाय. ते सेक्रेटरी असल्यामुळे चावी आमच्या दारामागच्या हुकाला असते आणि नियम मोडायचा अधिकार ओघानंच माझ्याकडे येतो.

छठ म्हणजे बिहारकडची सूर्याची पूजा. तिच्या प्रसादाचा गहू धुऊन धुवट कापडावर पसरतात आणि शेजारी कुणीतरी राखण बसतं. त्याला पाखराची चोच लागली की तो बाद. दरभंग्याकडे चिमण्या हाकलाव्या लागत असतील, अंधेरीत कबुतरं आहेत. एका हातात छत्री नि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन ती दिवसभर उन्हात बसते. दुपारी मी चहा घेऊन गेले, तर उपास नसूनही तिनं तो गव्हापासून चार हात लांब जाऊन प्यायला.

मला आजी आठवली. लालबागच्या चाळीत मोदकाच्या पिठीसाठी ती तांदूळ धुऊन गॅलरीत पसरायची. गॅलरी सामाईक, म्हणून आधी दोन्हीकडच्या बिऱ्हाडांना विचारायचं. "जरा दुपारपुरती जागा द्याल का?" असं म्हणताना तिचा आवाज नेहमीपेक्षा एक पट्टी खाली असायचा. वॉचमनच्या बायकोचाही दारात तसाच होतो, हे मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आजोबा संगमेश्वरकडचे, गिरणीत होते. रजा मंजूर झाली तर गौरी-गणपती गावी, नाहीतर चाळीत. गावकीच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारी, रजा न मिळालेली मंडळी रात्री पटांगणात पायांत चाळ बांधून जाखडी नाचायची. समोरच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घेत आणि 'बाल्यांचा नाच' म्हणत. त्या शब्दात कौतुक नव्हतं. आता त्याच जाखडीचे शक्ती-तुऱ्याचे सामने तिकीट लावून होतात आणि सगळे तिला लोककला म्हणतात. लोककला व्हायला साधारण दोन पिढ्या लागत असाव्यात.

वॉचमनला यंदाही दरभंग्याकडे जाणाऱ्या पवन एक्सप्रेसचं तिकीट मिळालं नाही. 60 दिवस आधी आरक्षण उघडतं आणि बघता बघता वेटिंगवर जातं. गणपतीतल्या कोकणकन्येसाठी आमच्याकडे चार मोबाइल घेऊन चार माणसं बसतात, तरी तेच होतं. तिकीट मिळालं असतं, तर गहू तिच्या सासूच्या अंगणात वाळला असता आणि मला छठ म्हणजे काय ते कळलंही नसतं.

खरं सांगायचं तर, 2008 साली या पूजेवरून शहरात तोंडं वाजत होती, तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन मीही म्हणाले होते, "यांना आमचाच समुद्र कशाला हवा?" आमचाच! आजोबांनी दादरची चौपाटी पहिल्यांदा पाहिली ती विशी उलटल्यावर.

यंदा तिच्याबरोबर जुहूला गेले. तिचा मुलगा दुपारी दोनपासून जागा धरून बसला होता. वाळूत चौकोन आखून त्यानं कोपऱ्यांवर ऊस रोवले होते. लोकलच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्या शहराला यात नवं काही नव्हतं. संध्याकाळचं अर्घ्य सोपं असतं. सूर्य समोर समुद्रात बुडतो, बायका कमरेभर पाण्यात सूप उचलून धरतात. सुपात ठेकुआ, म्हणजे त्या गव्हाच्या पिठाचा तळलेला गोड प्रसाद, केळी, नारळ, मुळा, पानांसकट ओली हळद. नाकाच्या शेंड्यापासून भांगापर्यंत शेंदराची रेघ. भटजी नाहीच लागत. भटजींच्या वेळा सांभाळण्यात जन्म गेलेल्या मला याचा फारच हेवा वाटला.

पहाटेची गंमत वेगळी. आपला किनारा पश्चिमेचा, इथे सूर्य उगवतो तो शहराच्या मागून. त्यामुळे उगवत्याला अर्घ्य द्यायचं, तर समुद्राकडे पाठ करावी लागते. शेकडो बायका पाण्यात उभ्या आणि सगळ्यांची तोंडं हॉटेलांकडे, इमारतींकडे, वाळूवर चपला राखत बसलेल्या माझ्याकडे. खरन्याच्या, म्हणजे छठच्या दुसऱ्या दिवसाच्या, रात्रीची खीर खाल्ल्यापासून 36 तासांच्या या उपासात पाण्याचा थेंबही पोटात नसतो. लाट मागून येते, दिसत नाही, बाई हेलपाटते, शेजारची तिचा दंड धरते. पंचांगातली सूर्योदयाची वेळ टळून गेली होती. आकाश पांढरं झालं तरी सूर्य टॉवरच्या आडच. कुणीतरी मोबाइलमध्ये वेळ पाहून म्हणालं, "निकल तो गया है, बस दिख नहीं रहा." तरी सुपं खाली आली नाहीत. मी मान वळवून इमारतींकडे पाहिलं. पहिल्यांदाच मला त्या मधे आल्यासारख्या वाटल्या.

मग दोन इमारतींच्या फटीतून तो आला, आणि दुधाच्या धारा सुरू झाल्या.

दुपारी चावी परत आली, सोबत कागदात बांधलेले सात ठेकुए. नवऱ्यानं एक तोंडात टाकला आणि विचारलं, "गच्ची झाडून घेतली ना त्यांनी?" मी चावी हुकाला अडकवली. तिला तूप लागलेलं होतं.