६५.४ मिलिमीटर आणि अकरा दिवस

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मशीनिंग सिम्युलेशनचे, म्हणजे धातू कापण्याआधीच कुठे धडक होईल ते पडद्यावर दाखवणारे, सॉफ्टवेअर आले, तेव्हा टूल लायब्ररी (टूल आणि त्यांचे होल्डर यांची मॉडेल्स) तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. मशीन, कंट्रोल आणि फिक्श्चर (कापायचा तुकडा, म्हणजे जॉब, धरणारी चौकट) आठवड्याभरात बसले. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. अडलो तो एका बीटी ४० होल्डरपाशी (टूल पकडून मशीनच्या फिरत्या स्पिंडलमध्ये बसणारा भाग), आणि तिथे अकरा दिवस गेले.

होल्डर ईआर ३२ कोलेटचा (नटने आवळून टूल धरणारी बाही), १०० मिलिमीटर गेज लांबीचा होता. गेज लांबी म्हणजे स्पिंडलच्या तोंडाशी येणाऱ्या गेज लाइनपासून नटच्या टोकापर्यंतचे अंतर. त्यात १० मिलिमीटरचे कार्बाइड एंडमिल (कापणारे टूल) ४२ मिलिमीटर बाहेर ठेवून पकडले होते, म्हणजे गेज लाइनपासून टोकापर्यंत १४२. पुरवठादाराने पाठवलेली स्टेप फाइल (होल्डरचे त्रिमितीय मॉडेल) मी जशीच्या तशी आत घेतली. सिम्युलेशनमध्ये धडक दाखवणारा लाल रंग कुठेच उमटला नाही, म्हणून मी समाधानाने प्रोग्राम आणि टूल शीट (टूलच्या मापांचा कागद) खाली पाठवले. थोड्याच वेळात ऑपरेटर वर आला.

"साहेब, शीटवर २०७.४ लिहिलंय, प्रीसेटरवर तर १४२ येतंय. टूल बदललंय का?"

टूल बदलले नव्हते. पहिला तास मी प्रीसेटरलाच, म्हणजे टूलची लांबी मोजणाऱ्या यंत्रालाच, दोष देण्यात घालवला, हे कबूल करतो. मग पुरवठादाराला मेल लिहून मॉडेलचा शून्यबिंदू कुठे धरला आहे ते विचारले. तीन दिवसांनी उत्तर आले की मॉडेल स्टँडर्डप्रमाणेच आहे. ड्रॉइंग मागितले, तर माझ्याकडे आधीपासूनच असलेले कॅटलॉगचे पान आले. फोन केला, तर डिझाइनचे काम पाहणारे रजेवर असल्याचे कळले. तोवर काम अडलेले, आणि मालक रोज सकाळी केबिनमध्ये डोकावून काही न बोलता परत जात.

अकराव्या दिवशी चिडून मी साधी वजाबाकी केली. २०७.४ वजा १४२ म्हणजे ६५.४, आणि बीटी ४० चा टेपर, म्हणजे स्पिंडलमध्ये बसणारा निमुळता भाग, गेज लाइनपासून लहान टोकापर्यंत नेमका ६५.४ मिलिमीटर असतो. तो आकडा आमच्याच भिंतीवरच्या तक्त्यात होता! मॉडेलचा शून्यबिंदू टेपरच्या लहान टोकाला होता आणि सॉफ्टवेअर त्यालाच गेज पॉइंट समजत होते, त्यामुळे अख्खा होल्डर स्पिंडलमधून तेवढा खाली लोंबत होता. यातली फसवी गोष्ट अशी की टूलचे टोक आणि नट यांच्यातले अंतर बिघडत नाही, म्हणून जॉबजवळ सारे बरोबर दिसते. चुकते ते स्पिंडलचे तोंड, जे पडद्यावर प्रत्यक्षापेक्षा ६५.४ मिलिमीटर वर राहते. आमच्या फिक्श्चरचा एक क्लॅम्प टूलच्या टोकापेक्षा १६० मिलिमीटर उंच होता. मॉडेल दुरुस्त करून पुन्हा चालवले, तेव्हा स्पिंडल त्याच क्लॅम्पवर लाल झाला.

त्यानंतर मी होल्डरचे मॉडेल स्वतःच काढू लागलो. अर्धी बाह्यरेषा काढून अक्षाभोवती फिरवली की पुरते. नटच्या खाचा आणि पुल स्टड (टेपरच्या लहान टोकाला बसणारा, होल्डर आत ओढून धरणारा खुंट) वगळावेत, कारण त्यांनी सिम्युलेशन फक्त मंदावते. मात्र ईआर ३२ नटचा ५० मिलिमीटर व्यास अचूक हवा, कारण जॉबच्या भिंतीला आधी तोच लागतो. एचएसके-ए ६३ हा दुसऱ्या प्रकारचा होल्डर काढताना बीटीची सवय बाजूला ठेवावी. तिथे गेजचे प्रतल फ्लँजच्या (होल्डरच्या रुंद कड्याच्या) स्पिंडलला टेकणाऱ्या पृष्ठभागावर असते. आणि हे खरे तर आधीच सांगायला हवे होते: एंडमिलची फ्लूट लांबी (धार असलेला भाग) आणि शँक (वरचा बिनधारेचा दांडा) वेगळे दाखवावेत. आमच्या एंडमिलची फ्लूट २२ मिलिमीटर आहे. त्यावरचा भागही कटर म्हणून दाखवला, तर शँक भिंत खुशाल कापत जातो आणि सॉफ्टवेअर त्याला धडक मानत नाही. प्रीसेटरचे माप आल्याशिवाय मी आता टूल शीटवर सही करत नाही.

पुरवठादाराची सुधारित फाइल सोळाव्या दिवशी आली. तिच्यात शून्यबिंदू पुल स्टडच्या टोकाला आहे.